आपल्या वडिलांनी बांधलेली घरे



मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेने स्मृतिव्याख्यानात संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी आज घरांवर बोलणार आहे. तीही राजवाडे किंवा सुरतेच्या जुन्या शहरातील कोरीव लाकडी घरे नव्हेत. त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. सन १९३० ते १९७५ या काळात आपल्या शहरांच्या कडेला जी सिमेंटची, सपाट छपराची, फारशी नक्षी नसलेली घरे उभी राहिली, तो माझा विषय आहे. मुंबईत दादर-माटुंग्याला, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, अहमदाबादेत साबरमतीच्या पश्चिम तीरावर ती आहेत. थोडी उशिरा का होईना, ती कतारगामातही आली. आपण त्यांना 'सोसायटीतली घरे' म्हणतो. आपल्यापैकी बहुतेक जण त्यांतच वाढले. आता ती एकामागून एक पाडली जात आहेत, आणि वाडा पडला की हळहळणारे आपण हे घर पडताना मात्र नव्या फ्लॅटचे क्षेत्रफळ विचारतो.

माझा व्यवसाय शब्दांचा, म्हणून शब्दांपासूनच आरंभ करते. जुन्या मराठी घराचे शब्द आठवून पाहा: ओटी, पडवी, माजघर, देवघर, कोठी, न्हाणीघर, बाळंतिणीची खोली, परस. एका पिढीच्या अवधीत यांतील बहुतेक शब्द मागे पडले आणि हॉल, किचन, बेडरूम, गॅलरी, पॅसेज, ब्लॉक हे शब्द रूढ झाले. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी याबद्दल पुष्कळ अश्रू ढाळले आहेत. मला त्यात सामील व्हावेसे वाटत नाही. ओटी आणि माजघर हे शब्द केवळ जागा सांगत नव्हते; कोणी कुठे बसावे, कोणी कुठवर यावे, हेही ते सांगत होते. ओटीवर पुरुष आणि पाहुणे, माजघरात बायका, आणि घरातल्या घरात 'बाहेर बसणारीला' एक कोपरा. 'हॉल' हा शब्द परका खरा, पण त्याच्याबरोबर ही कुंपणे आली नाहीत. नव्या घरात सून आणि सासरा एकाच खोलीत रेडिओ ऐकू लागले, ही घटना लहान नव्हे.

एक जुना शब्द मात्र टिकला आणि त्याने जागा बदलली. तो म्हणजे ओटा. घराबाहेरचा बसायचा चौथरा हा त्याचा मूळ अर्थ. शतकाच्या मध्यावर तो स्वयंपाकघरात शिरला. जमिनीवरच्या चुलीपुढे पाटावर बसून, धुरात डोळे चोळत आयुष्य काढलेल्या बाईला या घराने उभे केले. कमरेच्या उंचीचा दगडी ओटा, त्यावर आधी घासलेटचा स्टोव्ह व पुढे गॅसची शेगडी, ओट्यासमोर खिडकी, बाजूला नळ आणि मोरी. विसाव्या शतकात मराठी घरात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता असे मला कोणी विचारले, तर मी दिवाणखान्याचे नाव घेणार नाही, उभ्या ओट्याचे घेईन. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत या ओट्याला फारशी जागा मिळालेली नाही. ग्रंथ लिहिणारे बहुधा स्वयंपाक करीत नसावेत.

आपल्या वाङ्मयानेही या घराकडे काहीसे दुर्लक्ष केले. चाळीला पु. ल. देशपांडे मिळाले आणि १९५८ साली 'बटाट्याची चाळ' अवतरली. वाड्याला महेश एलकुंचवार मिळाले आणि १९८५ साली 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले. कर्ज काढून बांधलेल्या, दोन खोल्या खाली आणि एक वर अशा सोसायटीतल्या घराला तसा कोणी मिळाला नाही, असे मला वाटते. चाळीत गर्दीची गंमत आहे, वाड्यात ऱ्हासाचे कारुण्य आहे. या घरात हप्ते आहेत. हप्त्यांवर नाटक लिहिणे अवघड.

या घराला 'आधुनिक' का म्हणावयाचे, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. जुन्या घरात छपराचा भार जाड भिंती किंवा लाकडी खांब वाहत असत. भिंतीला मोठे भोक पाडले की ती दुबळी होई, म्हणून खिडक्या लहान आणि खोल्या अंधाऱ्या. सिमेंट-काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घालून स्लॅब ओतण्याची रीत आल्यावर हे गणित बदलले. तुळई आणि खांब भार घेऊ लागले, भिंत केवळ आडोसा राहिली. मग खिडकी भिंतीच्या मध्यावरच हवी असे उरले नाही. ती थेट घराच्या कोपऱ्यावर नेता आली. खालून टेकू न देता गॅलरी बाहेर काढता आली, तिला गोलाई देता आली. खिडकीवर भुवईसारखा छज्जा आला. उन्हाळ्यात वर चढलेला सूर्य तो अडवतो, हिवाळ्यातले तिरपे ऊन मात्र आत येऊ देतो, आणि पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवता येते. भिंतीच्या वरच्या बाजूस झडपा, जिन्याला सिमेंटची जाळी, दहा-अकरा फूट उंच छत. या घरांना दागिने नाहीत असे म्हणतात, पण छज्जाची सावली भिंतीवरून दिवसभर सरकत असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला दागिन्यांची उणीव भासणार नाही.

पायाखालची फरशीही याच काळाची. सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या घालून घोटलेली मोझॅक फरशी आज आपण सर्रास उखडून टाकतो. पण तिच्यामागे स्वदेशीचा इतिहास आहे. सिमेंटच्या फरश्या परदेशांतून येत असता 'भारत फ्लोअरिंग' या कंपनीने १९२२ साली उरणला देशी फरशी घडवण्यास सुरुवात केली. देशातल्या मोठ्या सिमेंट कंपन्या १९३६ मध्ये एकत्र येऊन ए. सी. सी. झाली आणि त्या सुमारास सिमेंटचे घर हे मध्यमवर्गाच्या आवाक्यातले स्वप्न झाले.

पण केवळ सिमेंटने उपनगर होत नाही. त्याला भीती लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे दाटीच्या, वारा न खेळणाऱ्या खोल्यांत पटापट मेली. त्यातून १८९८ मध्ये 'बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला आणि त्याने शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतजमिनींवर नवी वस्ती आखली. रुंद रस्ते, झाडे, बागा, आणि इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी जागा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पुढे शिवाजी पार्कच्या भोवतालची घरे याच आखणीच्या परंपरेतली. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये खुले झाले. भोवतालच्या इमारती मुख्यतः त्यानंतरच्या दोन दशकांतल्या. मुंबईची ही घरे कोणी रचली म्हणाल, तर गजानन बाबूराव म्हात्रे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९०२ ते १९७३ हा त्यांचा काळ. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची 'सूना महाल' ही १९३७ ची इमारत त्यांचीच. पण त्यांची खरी कामगिरी अशी एखादी देखणी इमारत नव्हे. नोकरदार माणसाच्या ब्लॉकमध्ये हवा कुठून येईल आणि कुठून जाईल, याचा त्यांनी शेकडो खोल्यांमध्ये केलेला विचार ही ती कामगिरी. आपल्याकडे कवींची जयंती होते, म्हात्र्यांची कोणी करीत नाही.

मुंबईचे हे सांगण्याचे कारण, आपल्या कतारगामालाही प्लेगचा धडा मिळालेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत जी साथ आली, ती वेड रोडच्या परिसरात प्रथम प्रकटली. (मराठी कानाला विचित्र वाटणारे हे नाव वेड या गावावरून आले आहे, हे बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांसाठी सांगते.) लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त आले आणि शहर धुऊन निघाले, हे आपण पाहिले. मुंबईने प्लेगनंतर काढलेला निष्कर्ष आणि सुरतेने काढलेला निष्कर्ष यांत मात्र एक फरक आहे. सुरतेने कचरा उचलला, गटारे बांधली. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेचा विचार मात्र तितका झाला नाही. त्याकडे पुढे येईन.

तत्पूर्वी अहमदाबादला जाऊन यावे लागेल, कारण आपल्या घरांचे आजोळ तिथे आहे. १९५० च्या दशकात तिथल्या गिरणीमालकांनी जगातल्या उत्तम वास्तुविशारदांना बोलावले. ल कॉर्बुझिए या फ्रान्सवासी शिल्पकाराने मनोरमा साराभाईंसाठी १९५५ च्या सुमारास घर बांधले. त्याची छपरे विटांच्या कमानींची आहेत आणि त्या कमानींवर माती घालून हिरवळ लावलेली आहे. घराची दिशा वाऱ्याकडे तोंड करून ठरवलेली आहे. दुसरे शोधन यांचे, १९५६ चे. त्याच्यावर उन्हापासून बचावासाठी छत्रीसारखे एक वेगळे छप्पर धरलेले आहे. या कामांवर देखरेख करण्यासाठी पॅरिसहून जो तरुण आला, तो पुण्याचा होता. बाळकृष्ण दोशी. १९२७ साली पुण्यात जन्मलेले, लाकडी सामानाच्या धंद्यातल्या एकत्र कुटुंबात वाढलेले. गरज पडेल तशा खोल्या वाढत जाणाऱ्या त्या घराची आठवण त्यांनी आयुष्यभर सांगितली. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. कोकणातल्या आचऱ्याला १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे हेही अमेरिकेत वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे शिकून परतले आणि अहमदाबादेत त्यांनी वस्त्रोद्योग-संशोधनाच्या 'अटिरा' संस्थेची इमारत उभी केली. आधुनिक वास्तुकला ही आपल्याकडे केवळ विलायतेहून आलेली पाहुणी होती असे ज्यांना वाटते, त्यांनी पुणे आणि आचरे ही दोन गावे लक्षात ठेवावीत.

मात्र आपल्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाचे घर चार्ल्स कोरिया यांचे. कमी खर्चाच्या घरांसाठी गुजरात हाउसिंग बोर्डाने स्पर्धा घेतली, तिच्यात त्यांचा आराखडा पहिला आला आणि १९६१-६२ मध्ये त्याचा नमुना अहमदाबादेत बांधला गेला. त्याला 'ट्यूब हाउस' म्हणतात, म्हणजे नळीघर. रुंदी सुमारे बारा फूट, लांबी साठ फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. मग वारा यावा कुठून? कोरियांनी छत तिरपे चढवत नेले आणि सर्वांत उंच जागी झरोका ठेवला. तापलेली हवा हलकी होऊन छताखालून वर सरकते, झरोक्यातून निघून जाते, आणि तिची जागा घ्यायला दाराशेजारच्या झडपांतून गार हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. शिवाय त्यांनी असे दाखवून दिले की मजल्यांवर मजले चढवून जेवढी कुटुंबे एका जमिनीवर राहतात, साधारण तेवढीच कुटुंबे जमिनीलगतच्या अशा घरांतही राहू शकतात, आणि प्रत्येकाला स्वतःचे दार मिळते. ते मूळ नमुनाघर १९९५ मध्ये पाडण्यात आले. जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते आता छायाचित्रांतून शिकवले जाते.

बारा फूट रुंद, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, स्वतःचे दार. हे वर्णन ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे कतारगामचेच घर आले असेल.

कतारगाम हे मुळात गाव. कांतारेश्वर महादेवाचे देऊळ, गामतळातली घरे, आणि तापीच्या गाळावर पिकणारी भाजी. उंधियूत घालण्यासाठी कतारगामची पापडी हवी, हा आग्रह साऱ्या गुजरातेत आजही धरला जातो. त्या पापडीच्या शेतांवर नगररचना योजना आल्या, म्हणजे आपल्या बोलीत 'टी. पी.'. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांना आणि शाळांना वाटा काढून, उरलेले चौकोनी तुकडे परत देण्याची ही पद्धत १९१५ च्या मुंबई कायद्यापासून चालत आलेली आहे. त्या तुकड्यांवर सहकारी सोसायट्यांनी रो-हाउसच्या ओळी बांधल्या. सौराष्ट्रातून, विशेषतः भावनगर-अमरेलीकडून, हिऱ्याच्या कामासाठी कुटुंबे आली. तापीच्या काठाने येणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावकडची आपली माणसे आली. त्यांतली बहुतेक कापडाच्या कारखान्यांकडे वळली, काही इकडे स्थिरावली.

या घरांचा आराखडा कोणा प्रसिद्ध वास्तुविशारदाने काढलेला नाही. बहुतेकदा तो गवंड्याने आणि सोसायटीच्या चिटणिसाने मिळून ठरवला. तरीही तो नीट वाचला, तर त्यात तीन प्रदेश एकत्र दिसतात. पुढे ओटला आणि त्यावर हिंडोळा, हा गुजरातचा. ओटल्यावरून थेट बैठकीत, तिथून मागे स्वयंपाकघरात, आणि अगदी मागे 'चोकडी', म्हणजे भांडी-कपड्यांची उघडी जागा, डोक्यावर आकाश. हा मागचा उघडा तुकडा म्हणजे सौराष्ट्रातल्या डेलीच्या अंगणाचा उरलेला अंश. आणि वर सपाट स्लॅब. पंडित लोक सपाट छपराला पाश्चात्य आधुनिकतेची खूण मानतात. खानदेशातून आलेल्या माणसाला त्यात काहीच नवे वाटले नाही. त्याच्या गावी धाब्याचेच घर होते, मातीच्या सपाट छताचे. उन्हाळ्यात तिथेच गोधडी टाकून झोपायचे, तिथेच कुरडया-पापड वाळायचे. इथे फक्त मातीच्या जागी सिमेंट आले. पुढच्या ओटल्यापासून मागच्या चोकडीपर्यंत दारे एका रेषेत असल्याने वारा आरपार जातो. कोरियांचे नाव न ऐकलेल्या गवंड्याने तेच सूत्र वापरले, कारण सुरतेच्या दमट हवेत दुसरा उपाय नव्हता.

यातली पुष्कळ घरे पुढे हिऱ्याच्या घंट्यांनी भरली. खालच्या खोलीत घंट्या, वर कुटुंब. हिरा पारखायला उत्तरेचा स्थिर उजेड लागतो, म्हणून उत्तरेकडच्या खिडकीला भाव आला. घराने धंदा पोसला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले तेव्हा याच घरांनी माणसे राखली. उंच जोते, वरची खोली, आणि शेजाऱ्याच्या गच्चीला लागून असलेली गच्ची. ओळीतल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गच्च्यांवरून दूध, पाणी आणि औषधे पोहोचली. बंद लिफ्टच्या पाचव्या मजल्यावर अडकलेल्यांचा अनुभव वेगळा होता.

आता प्रश्न येतो राखण्याचा. ऐतिहासिक वास्तूंसाठीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे वयाची वास्तू मागतो. दिल्लीतले 'हॉल ऑफ नेशन्स' हे राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभे केलेले सभागृह एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडले गेले. ते साठ वर्षांचेही झालेले नाही, हे कारण पुढे केले गेले. म्हणजे आपली घरे वारशासाठी फार तरुण आणि बिल्डरसाठी फार म्हातारी. गुजरातेत ओनरशिप फ्लॅटच्या कायद्याला २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इमारतीस २५ वर्षे झाली आणि ७५ टक्के सभासद राजी असले की पुनर्विकासाचा मार्ग मोकळा होतो. २५ वर्षांत आंब्याचे झाडही ऐन भरात असते.

युनेस्कोने २०१७ मध्ये अहमदाबादचे कोटाआतले शहर आणि २०१८ मध्ये मुंबईच्या ओव्हल मैदान-मरीन ड्राइव्हवरच्या इमारती जागतिक वारशात घेतल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण नदीपलीकडची अहमदाबादची आधुनिक घरे किंवा दादर-माटुंगा त्या सीमेत नाहीत. २०१२ मध्ये मुंबईच्या प्रस्तावित वारसा यादीत शिवाजी पार्कचा परिसर घातला गेला, तेव्हा विरोध कोणी केला? तिथल्याच रहिवाशांनी. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. मुंबईत ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत राहणाऱ्या माणसाला पुनर्विकासातून लिफ्ट, पार्किंग आणि मुलाच्या संसारासाठी एक खोली मिळणार असते. वारशाचा शिक्का बसला की त्याला मिळते ती परवानग्यांची फाईल. गळक्या छताखाली राहणाऱ्याला सौंदर्य समजावून सांगण्याचा अधिकार पक्क्या छताखाली राहणाऱ्याला किती, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

तरीही मार्ग निघालेले आहेत. चंडीगढमध्ये एका कुटुंबासाठी आखलेल्या घरांचे मजल्यागणिक फ्लॅट करून विकण्याची रीत पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांत ती थांबवली. कारण शहराचा मूळ विचारच कमी उंचीचा आणि मोकळ्या हवेचा होता. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर नावाच्या विकासकाने १९५० च्या सुमारास सामान्य नोकरदारांसाठी काचेच्या भिंतींची एकमजली घरे हजारोंनी बांधली. पालो आल्टो गावातल्या अशा दोन वसाहती २००५ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत आल्या. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथल्या काही गल्ल्यांतल्या शेजाऱ्यांनी स्वतःच एकत्र येऊन दुसरा मजला न चढवण्याचा नियम मागून घेतला. शेजाऱ्याने मजला चढवला की आपल्या अंगणातले सारे त्याला दिसते, एवढेच साधे कारण. वारसा वगैरे शब्द नंतर आले. आपल्या सोसायट्यांना सर्वसाधारण सभा असते, ठराव करता येतो. तिथे पाण्याच्या टाकीवर दोन तास वाद होतो, तर यावर अर्धा तास व्हायला हरकत नाही.

काय राखावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे आणि तज्ज्ञांना ते कदाचित रुचणार नाही. दर्शनी भाग राखून मागे बारा मजले चढवणे म्हणजे आजोबांचा फोटो लावून त्यांचे शेत विकणे. दर्शनी भाग गेला तरी चालेल, पण आरपार वारा जाता कामा नये. कतारगामात घरांचे सर्वांत मोठे नुकसान पाडण्याने झालेले नाही, झाकण्याने झाले आहे. मागची चोकडी स्लॅब घालून बंद केली, तिथे खोली काढली, ओटल्याला लोखंडी जाळी लावून शटर बसवले. घर मोठे झाले आणि श्वास कोंडला. मग वातानुकूलन यंत्र आले. ज्यांचे घर अजून उभे आहे, त्यांनी काही करायचे असेल तर प्रथम मागचे आकाश मोकळे करावे. प्लेगनंतर न घेतलेला धडा तो हाच.

बदल मात्र होऊ द्यावेत. दोशींनी १९७३ च्या सुमारास अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी जी वसाहत बांधली, तिथे रहिवाशांनी इतक्या खोल्या वाढवल्या की मूळ रूप ओळखू येत नाही. दोशींना त्याचे दुःख नव्हते. घर वाढणार हे धरूनच त्यांनी जिने आणि गच्च्या ठेवल्या होत्या. घरात राहणारा माणूस हा घराचा शत्रू नव्हे.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द, कारण 'घर मोडकळीस आले' हे कारण पुष्कळदा खरे नसते. स्लॅबचा गिलावा पडून सळई दिसली की घाबरलेला मालक बिल्डरला फोन करतो. होते ते असे: भेगांतून पाणी आणि हवा आत जाते, सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगून कित्येक पट जागा घेते आणि वरचे सिमेंट ढकलून पाडते. रोग गच्चीवर असतो, लक्षण छताला दिसते. म्हणून आधी गच्ची पाहावी. जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा उताराचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या कपबशांच्या तुकड्यांचे 'चायना मोझॅक' असे. त्याने पाणी वाहून जाते आणि पांढऱ्या रंगामुळे ऊनही परतते. ते उखडून वर काळे डांबर फासणाऱ्यांची घरे तापतात आणि गळतातही. सळई किती खाल्ली गेली आहे, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. थोडी असेल तर घासून, गंजरोधक लावून, नवे काँक्रीट भरता येते. फार असेल तर घर सोडावे. जीव वारशाहून मोठा आहे. मात्र तपासणाऱ्या माणसाचे पुनर्विकासात हितसंबंध नाहीत ना, एवढे आधी पाहावे.

जी घरे जाणारच आहेत, त्यांची निदान नोंद व्हावी, आणि हे काम ही शाळा करू शकते. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांच्या हाताखाली शिकलेले गवंडी आज इथे बसले आहेत, अभियंते आहेत, सोसायट्यांचे चिटणीस आहेत. नववीच्या विद्यार्थ्यांनी चित्रकलेच्या तासाला आपल्याच घराचा आराखडा फूटपट्टीने मोजून काढावा: ओटल्याची उंची रस्त्यापासून किती, दार कुठे, चोकडी कुठे, वारा कुठून येतो. मराठीच्या तासाला आजीकडून प्रत्येक जागेचे नाव लिहून आणावे. एकाच घरात आजी 'मोरी' म्हणेल, आई 'चोकडी' आणि मुलगी 'वॉश एरिया', तिन्ही लिहावीत. सोसायटीच्या कपाटात नोंदणीचा दाखला, मंजूर नकाशा आणि पहिल्या सभासदांची यादी अजून असेल. वाळवी लागण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवावेत. पाडकामाच्या वेळी मोझॅकच्या दहा-बारा फरश्या, एक सिमेंटची जाळी आणि जिन्याच्या कठड्याचा एक तुकडा मागून घ्यावा. ठेकेदार हे फुकट देतो, त्याला ते वाहून नेण्याचा खर्च वाचतो. शाळेच्या मागच्या पडवीत एक भिंत रिकामी आहे, असे मुख्याध्यापकांनी मला मघाशी सांगितले.